गेले होते नाही, गेलेले

सरांनी लाल पेन वापरलं असतं तर मला इतका राग आला नसता. लाल पेनाशी भांडता येतं. त्यांनी पेन्सिल वापरलेली, तीही इतक्या हलक्या हाताने की खोडरबर फिरवला की खूणसुद्धा राहू नये. माझ्या कादंबरीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे ‘गेलेले’, ‘आलेले’, ‘सांगितलेलं’ होतं, तिथे एक छोटा गोल आणि वर बारीक अक्षरात दुरुस्ती. गेले होते. आले होते. सांगितलं होतं.

“तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे,” सर बोलले. “पण हे काय? मी बाजारात गेलेले. मी त्याला सांगितलेलं. अहो, वाक्य पूर्ण करा ना. क्रियापद अधांतरी लटकतंय.”

“आम्ही असंच बोलतो, सर.”

“बोलता हो. पण लिहिताना नाही चालायचं.”

सर म्हणजे नौपाड्यात राहणारे मराठीचे निवृत्त प्राध्यापक. ठाण्यातल्या माझ्या जुन्या ऑफिसमधल्या एका बाईंचे ते शेजारी, तिथून ओळख निघालेली. माणूस चांगला. मला कोण ओळखतं, पण त्यांनी माझं अख्खं बाड शब्दन् शब्द वाचलं, स्वतःच्या हाताने कोकम सरबत करून दिलं, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून एकदाही ‘अगं-तुगं’ केलं नाही. शिवाय एका मोठ्या प्रकाशकांकडे त्यांचा शब्द चालतो. सरांनी फोन केला की तिथे हस्तलिखित निदान उघडलं जातं. मी आधी दोन ठिकाणी कादंबरी पाठवलेली, पोचसुद्धा आली नाही. त्यामुळे सरांचा एक फोन म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

“भाषा तेवढी स्वच्छ करा,” ते बोलले. “महिनाभरात आणून द्या. मी स्वतः फोन करतो.”

स्वच्छ! म्हणजे आतापर्यंत काय, उकिरडा होता? पण हे मी मनात बोलले. तोंडाने “हो सर” बोलले, बाड पिशवीत घातलं आणि निघाले. गोखले-बिखले रस्त्याच्या गर्दीतून चालताना आठवत होते, सरांनी अजून काय काय शिकवलं. ‘बोलले’ नव्हे, ‘म्हणाले’. ‘पुस्तक भेटलं’ नव्हे, ‘मिळालं’, कारण वस्तू मिळते, माणूस भेटतो. आमच्याकडे पगार भेटतो. महिनाभर डोळे लावून वाट बघितल्यावर येतो, मग भेटतच नाही तर काय?

महिना मात्र माझ्याकडे होता. जुनी नोकरी सुटलेली, नवी एक तारखेपासून चालू होणार होती, मध्ये अख्खा मे. डोंबिवलीत मे महिन्यात आमची बिल्डिंग रिकामी होते, सगळे गावाला जातात. नवरा मुलाला घेऊन कोकणात जायला निघाला तेव्हा मी सांगून टाकलं, मी येत नाही. सासूबाईंचा फोन आला. फणस कोण फोडणार, फणसपोळीची साटं कोण घालणार, चार माणसं विचारतील सून कुठेय, तर काय सांगू? मी बोलले, सांगा कादंबरी लिहितेय. पलीकडे जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात आहे. मी कुणाचा जीव घ्यायला निघालेय असं सांगितलं असतं तरी बाईंना निदान काही प्रश्न सुचले असते.

नवरा शहाणा. तो भांडला नाही. जाताना फक्त एवढंच बोलला, “गेलेले काय नि गेले होते काय, तू गेलीस ना? मग घाल ना त्या सरांच्या मनासारखं. फोन करतायत ना ते?”

हेच तर. सगळ्यांना ते इतकं सोपं वाटत होतं, की माझं मलाच सोपं वाटायला लागलं.

आता या महिन्यात माझी सगळ्यात मोठी शत्रू कोण असेल तर ‘घरीच आहेस ना’ ही तीन शब्दांची ओळ. गावाला जाणाऱ्या प्रत्येकाने दाराची बेल मारून हीच ओळ ऐकवली. घरीच आहेस ना, मग आमच्या कुंड्यांना पाणी घाल. घरीच आहेस ना, गॅसवाला येईल, तेवढा सिलिंडर घेऊन ठेव. कुणी किल्ली ठेवून गेलं, कुणी मासे. फिश टँकमधले, जिवंत. मी दाराला एक कागद चिकटवला: ‘काम चालू आहे, बेल वाजवू नये.’ दुपारी बेल वाजली. तळमजल्याच्या काकू विचारत होत्या, “काय गं, लादी बदलतेयस का?”

तरी मी हटले नाही. सकाळी वाचायचं आणि दुपारी लिहायचं असं ठरवलेलं. फडके रोडच्या मागच्या अंगाला जुनं वाचनालय आहे, तिथून कादंबऱ्यांवर कादंबऱ्या आणायचे. गोष्टीसाठी नाही वाचल्या. एकच शोधत होते, आमच्यासारखी माणसं कुठे बोलतात का. म्हणजे धड गावची नाहीत, धड पुण्याची नाहीत, अशी. आई-बाप कोकणातले नाहीतर घाटावरचे, स्वतः जन्मले कल्याण-डोंबिवलीत, शाळेत शुद्ध, घरी अर्धं गावचं आणि रस्त्यावर हिंदी. लाखभर माणसं असतील अशी, एकट्या आमच्या स्टेशनच्या पूर्वेला.

खेड्यातली माणसं भेटली. भरपूर भेटली, आणि काय सुंदर बोलतात! त्यांच्या बोलीवर कुणी पेन्सिल चालवत नाही. पण एक गोष्ट दिसली आणि मग दिसतच राहिली. ती माणसं बोलतात ती अवतरणचिन्हांच्या आत. अवतरण संपलं की लेखक लगेच स्वच्छ मराठीत येतो. चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्या तशी बोली बाहेर ठेवलेली. आणि आमची भाषा? ती तर बोलीसुद्धा नाही. बोलीला मान आहे, तिच्यावर चर्चासत्रं होतात. आमची ही नुसती चूक. आम्ही जन्मभर जे बोललो, भांडलो, प्रेमात पडलो, पोरांना झोपवलं, ते सगळं एका पेन्सिलीच्या गोलात मावणारं.

राग आला तरी मी दुरुस्ती करतच होते. खोटं कशाला सांगू, मला तो फोन पाहिजे होता. अगदी पाहिजे होता. चाळिशीला टेकलेय, आणखी किती वर्षं हिशेब लिहीत लिहीत मनातल्या मनात लेखिका राहायचं? म्हणून दुपारी पंख्याखाली घाम पुसत एकेक गोल उघडायचे आणि ‘होते’ घालायचे.

कादंबरी आईवर आहे. म्हणजे आईसारख्या एका बाईवर, आणि सांगणारी तिची मुलगी. आई डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होती. कपड्यांना लागणारे रंग, पावडरचे. ज्या आठवड्यात पिवळा चालू असेल त्या आठवड्यात तिचे हात मनगटापर्यंत पिवळे, साबणाने जायचे नाहीत. हळदीकुंकवाला जाताना ती पदर हातावर ओढून घ्यायची. नातेवाइकांना सांगायची, “मी ऑफिसात असते.” मी लहान होते, मला वाटायचं ऑफिसात गेलं की हात पिवळे होतात.

तर अशा बाईची मुलगी माझ्या कादंबरीत बोलते, आणि ती आता बोलायला लागली, “त्या दिवशी मी शाळेतून लवकर आले होते. आईने मला सांगितलं होतं.” काय झालं माहीत नाही, पण पोरगी मेली. पानावर उभी होती ती आडवी झाली. घरात भांडताना कुणी “मी तुला सांगितलं होतं” असं बोलतं का? “सांगितलेलं ना तुला!” हे कसं फाडकन लागतं. त्यात समोरच्याला पळायला जागा नाही. ‘सांगितलं होतं’ला मात्र कोर्टात साक्ष दिल्यासारखा वास येतो. मी पन्नासेक पानं दुरुस्त केली आणि वाचून पाहिली, तर ती कुणा भलत्याच बाईने लिहिल्यासारखी वाटली. चांगल्या घरातल्या. जिची आई खरोखर ऑफिसात होती.

तशात भावाचा फोन आला. तो कल्याणला राहतो, आई त्याच्याकडे. तोही बायकोपोरांना घेऊन गावाला चाललेला, आणि आईचे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. “आईला ठेव ना तुझ्याकडे,” तो बोलला, “तू घरीच आहेस ना.”

या वेळेला मात्र मी चिडले नाही. रिक्षाने जाऊन आईला घेऊन आले.

आईला कादंबरीचं ठाऊक होतं, पण त्यात काय आहे ते नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने टेबलावरचा ढीग बघितला आणि विचारलं, “कंपनीचं नाव नाय ना घातलंस?”

“नाही गं.”

“माझं?”

“तुझं पण नाही.”

“मग वाच बघू.”

मी मुद्दाम दुरुस्त केलेली पानं काढली. सुपरवायझरचा प्रसंग. हा खरा घडलेला, आईनेच कधीतरी सांगितलेला. मी शाळेत तापाने फणफणलेले, निरोप आला म्हणून आई पॅकिंग सोडून मला आणायला आलेली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर झापलं. मी वाचलं: “‘साहेब, मी मुलीला आणायला शाळेत गेले होते. तिला ताप आला होता,’ ती म्हणाली.”

आईचा चेहरा खुलला. “छान लिहिलंयस. एकदम पुस्तकासारखं.”

मला हे कौतुक नको होतं. मग मी जुनं बाड काढलं, पेन्सिलच्या गोलांसकट, आणि तोच प्रसंग पुन्हा वाचला. मुलगी सांगतेय, आई गेलेली, मी तापलेले, आई त्याला बोलली. आईच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“हे काय? हे असं छापणार?”

“हो. का?”

“लोक हसतील. बोलतील, आई अडाणी होती.”

“आई, तू अशीच बोलतेस.”

“मी बोलते! मी काय पुस्तक आहे?” आता आईचा आवाज चढला. “तुम्ही असं बोलू नये म्हणून तर मेले मी. ‘नाय’ बोललात की थोबाडीत द्यायचे, आठवतं का? चांगल्या शाळेत घातलं. बाई बोलल्या, मुलीचं मराठी सुधारलं पाहिजे, म्हणून रोज संध्याकाळी धडा मोठ्याने वाचून घ्यायचे. कामावरून आले की हातसुद्धा धुवायचे नाय मी, धडा आधी. आणि तू मोठी होऊन हे लिहितेस? सर बरोबर बोलतात ते.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ज्या बाईच्या तोंडचे शब्द वाचवायला मी सरांवर, सासरवर, अख्ख्या मराठी साहित्यावर दात-ओठ खात बसलेले, ती बाई सरळ सरांच्या पार्टीत! मी पण ओरडले. तिला बोलले, तुला लाज वाटते तुझी स्वतःची. ती बोलली, हो वाटते, मग? मी बोलले, मला नाही वाटत. ती बोलली, तुझे हात कुठे पिवळे झालेले?

मी उठून गेले आणि दुसऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. कैऱ्या आणलेल्या, लोणच्याला. आई विळीवर फोडी करत होती, मी कोयी बाजूला काढत होते. मध्येच, माझ्याकडे न बघता, ती बोलली,

“मी असं नाय बोललेले त्याला.”

“कुणाला?”

“त्या सुपरवायझरला. तू लिहिलंयस तसं नाय. साहेब-बिहेब, पोरीला ताप आलेला, असं रडगाणं नाय गायलेलं मी. दोन्ही कागदांत चुकलीयस.”

मी कोयी काढत राहिले. बोलले असते तर ती थांबली असती.

“तो बोलला, कुणाला विचारून गेलेलीस? सगळ्या पॅकिंगवाल्या बघत होत्या. मी बोलले, गेलेले.” आईने विळीवर कैरी दाबली, कोय कचकन दुभंगली. “तो बोलला, काय? मी बोलले, गेलेले. पोरगी तापलेली, गेलेले. परत तापली तर परत जाणार. काय करायचं ते कर.”

“मग?”

“मग काय, अर्धा दिवस कापला मेल्याने.”

माझे हात कैरीच्या चिकाने भरलेले, तसेच जाऊन मी पेन उचललं. त्या पानावर अजून डाग आहे. मला सांगा, यात ‘होते’ कुठे घालायचं? ‘मी गेले होते’ असं बोलली असती तर ती खुलासा देतेय असं वाटलं असतं. ती खुलासा देतच नव्हती. गेलेले. झालं. वाक्य तिथे पूर्ण होतं, सर काही बोलोत.

पुढचे दिवस मी माणसात नव्हते. सगळी दुरुस्ती मोडली. ‘होते’ काढले, ‘म्हणाली’ काढली, पगार पुन्हा भेटायला लागला. सुपरवायझरचा प्रसंग नव्याने लिहिला. आई स्वयंपाक करायची, जेवायला हाक मारायची, आणि ताट वाढता वाढता पुटपुटायची, “कर बाई, तुला काय करायचं ते कर.” वाचनालयाची पुस्तकं तशीच पडून राहिली. दारातली बेल वाजली की आईच जाऊन सांगायची, “ती कामात आहे.” लादीचं कुणी विचारलं नाही परत.

महिना संपता संपता नौपाड्याला गेले. सरांनी सरबत केलं. मी बाड पुढे ठेवलं आणि सुपरवायझरचं पान उघडून दिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“हे प्रभावी आहे,” ते बोलले. मनापासून बोलले, कळत होतं. “ह्या बाईच्या तोंडी तुम्ही ‘गेलेले’ ठेवा. इथे ते शोभतं. मी माझी दुरुस्ती मागे घेतो.” मग ते पान उलटू लागले आणि त्यांचा चेहरा पडला. “पण हे काय, निवेदनात पुन्हा तेच? ही सांगणारी मुलगी शिकलेली आहे ना? आईच्या संवादात राहू द्या सगळं. फक्त निवेदन शुद्ध करा. मी आज, आत्ता, तुमच्यासमोर फोन लावतो.”

त्यांनी खरंच मोबाइल हातात घेतला. अर्धं तर त्यांनी सोडलेलं, आता अर्धं मी सोडायचं होतं. कुठलाही शहाणा माणूस ‘हो’ बोलला असता. दोन आठवड्यांपूर्वी मी पण बोलले असते.

“नाही सर,” मी बोलले. “म्हणजे आई अवतरणाच्या आत आणि मी बाहेर, असं होईल ते. ती चुकीचं बोलणार, आणि मी शेजारी उभी राहून शुद्ध मराठीत तिचं कौतुक करणार. मला नाही जमणार.”

“हा हट्ट आहे.”

“हो सर. आहे.”

मग त्यांनी विचारलं, आणि खवचटपणे नाही, खरंच काळजीने विचारलं, “तुमच्या आईंना हे दाखवलंत? त्यांना चालणार आहे का, असं छापून आलेलं?”

“नाही चालणार. ती तुमच्या बाजूची आहे, सर. तिला पण शुद्धच पाहिजे.” माझा आवाज फुटला, फुटू दे. “पण बोललेली ती.”

सरांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. बाडाची पानं ठाकठीक जुळवली आणि दोन्ही हातांनी बाड माझ्याकडे दिलं. “मग मला फोन करता येणार नाही. वाईट वाटतं मला,” ते बोलले. मला पण वाटलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला, तोही मनापासून, आणि जिना उतरले. खाली आल्यावर एका मेडिकलच्या ओट्यावर बसून भडाभडा रडले. रागाने रडले. चाळिशीची बाई, मांडीवर कागदांचं गाठोडं, येणारे जाणारे बघतायत. बघा.

डोंबिवलीला पोचले तर आई दारातच.

“दिलंस?”

“नाही.”

“फोन केला त्यांनी?”

“नाही केला. मी ‘नाही’ बोलले त्यांना.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. “एवढा मोठा माणूस फोन करत होता आणि तू ‘नाय’ बोललीस? डोकं फिरलंय का तुझं? आता कोण छापणार ते?”

“माहीत नाही.”

“माहीत नाय!” ती आत गेली, भांडी आपटली, पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला, आणि गुडघे धरत शेजारी बसली. मी पाणी प्याले.

“त्याला तसं बोलून आले ना,” आई बोलली, “तर रात्रभर पोटात गोळा आलेला माझ्या. वाटलेलं, गेली नोकरी. सकाळी पाय उचलत नव्हता.”

“मग?”

“मग काय, गेटवर जाऊन उभी राहिले.” तिने माझ्या मांडीवरचं बाड उचललं, स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि शेवटची पानं बोट फिरवत वाचली. “तू पण सकाळी बस परत. शेवट नाय जमलाय तुझा. ती बाई एवढी रडत नाय.”